कंपनीचा चढाईपटू

कबड्डीने मला नोकरी दिली, असं मी ऐटीत सांगायचो. खरं तर नोकरी कबड्डीचीच होती, कामगार मी नावाला. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने मला चढाया करायला ठेवलं होतं. सकाळी दोन तास पॅकिंगला, मग मैदान. राहायला बिरवाडीत भाड्याची खोली. तीन वर्षं खेळलो, तरी टेंपररीच. साहेब म्हणायचे, "यंदा कप आणा, लगेच पर्मनंट करतो."

आणि नेमका त्याच वर्षी उजवा गुडघा गेला. उतरणीला आत कट्ट वाजायचं. कंपनीला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा उभा केला असता. बैल लंगडला की त्याला बाजार दाखवतात, त्यात नवल काय! म्हणून मी लपवलं. ठाऊक होतं ते फक्त चुलतभावाला. सुट्टीला मी पोलादपूरच्या वर आमच्या वाडीवर गेलो, की तो निरगुडीचा पाला गरम करून गुडघ्याला बांधायचा. "आता बस कर रे," म्हणायचा. मी त्याच्यावरच खेकसायचो.

फायनल पडली ती आमच्याच वाडीच्या संघाशी. भाऊ त्यांच्या कोपऱ्याला. शेवटची चढाई माझी, एक गुण हवा. त्याच्याकडे पाहिलं. याला सगळं माहीत आहे, हा उजवाच धरणार. एका ताटात जेवलेल्या भावाची मला त्या क्षणी वैऱ्यासारखी भीती वाटली.

त्याने डावा धरला. घोटा पकडून पाय वर उचलला, आणि माझा सगळा भार उजव्यावर आला. तशातच मी मध्यरेषेकडे पीळ घेतला आणि हात रेषेला टेकवला. गुडघा मोडल्याचा आवाज मलाच आधी ऐकू आला.

कप मिळाला, तरी कंपनीने आठवड्यात दुसरा चढाईपटू घेतला. मला बघायला दवाखान्यात तिथलं कुणीही आलं नाही. वाडीत मात्र बोभाटा झाला, की भावानेच घात केला. तो खाटेपाशी येऊन रडायला लागला. "दुखरा पाय मी धरला नाय रे. देवाशप्पथ! चांगला बघून धरला."

उजवा धरला असता, तर मी कळवळून तिथंच बसलो असतो. सामना गेला असता, पाय राहिला असता. हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

"ठाऊक हाय रे," मी म्हणालो. "तू माझा पाय वाचवलास."