हाड्याच्या बाई

ब्रश दातांत धरून कधी "नाही" म्हणून पाहा. "हाई" असं काहीतरी तोंडातून निघतं. आमच्या ड्रॉइंगच्या बाई दिवसभर अशाच बोलत. एक ब्रश हातात, दुसरा दातांत, आणि समोरच्यानं काय समजायचं ते समजून घ्यावं. आमच्या नगरकडे खेड्यातला माणूस "आहे"ला "हाय" म्हणतो. त्यामुळे बाईंचा नकार पुष्कळांना होकार वाटे. मला मात्र कधी शंका आली नाही, कारण बाई सहसा होकार देतच नसत.

मी तेव्हा नगरच्या एका छापखान्यात प्रुफं तपासत होतो. आमचे मालक मुलांसाठी एक मासिक काढत. त्यातली चित्रकथा बाई काढत आणि चित्रांखालच्या ओळी मी लिहीत असे. बाई मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत. शाळा सुटली की पांढऱ्या पातळाला रंगांचे डाग घेऊन त्या यायच्या, "सलाम, लेखकराव" म्हणायच्या आणि माझ्या निम्म्या ओळी खोडायच्या.

"चित्रात कुत्रा पळतोय, दिसतंय ना? मग खाली 'कुत्रा पळाला' कशाला? पोरं काय आंधळी आहेत?"

आमच्या कथेचा नायक म्हणजे भंडारदऱ्याच्या डोंगरात टपालाची थैली घेऊन हिंडणारा एक हरकारा. पण त्याचं नाव मुलांना चटकन आठवत नसे. सगळ्यांचा जीव त्याच्या कुत्र्यावर. कुत्रा गावठी, तांबडा, एक कान उभा आणि एक पडलेला. नाव हाड्या. जन्मल्यापासून जो तो "हाड, हाड" करत आलेला, म्हणून आपलं नाव तेच, अशी त्याची पक्की समजूत. कुणी हाकललं की हा शेपूट हलवत त्याच्याच अंगावर जाई. चोर "हाड!" म्हणाला की हाड्या चोराच्या पायात आणि चोर जमिनीवर. दर अंकात हेच, आणि दर अंकाला पोरं नव्यानं हसत.

तुम्हाला वाटेल, काय डोकं चालवलं बाईंनी! पण हाड्या खरा होता. छापखान्याच्या आवारात तो कुठून तरी आला. आमचा मशीनमन त्याला हाकलून थकला, कारण हाकललं की हा त्याच्या पायाशी येऊन बसे. बाईंनी ते पाहिलं, तिथंच उकिडव्या बसल्या आणि पेन्सिल काढली. त्या दिवशी चहा गार झाला तरी त्या उठल्या नाहीत.

दुसरं महायुद्ध संपलं, कागद पुन्हा मिळू लागला, आणि मासिक घरोघर गेलं. अशात पुण्याहून एका सिनेमा कंपनीचे दिग्दर्शक आले. फेल्ट हॅट, तोंडात सिगारेट, बोलणं गोड. हाड्याची गोष्ट त्यांना पडद्यावर आणायची होती. बाई शाळेच्या नाटकाचा पडदा रंगवत होत्या, तिथंच त्यांनी बाईंना गाठलं.

"फक्त हाड्या हे नाव जरा... पडद्यावर बरं दिसत नाही. टायगर ठेवू. चालेल ना?"

"हाई," बाई म्हणाल्या.

दिग्दर्शक खूश होऊन गेले. पुढं एक दिवस कळलं की नेवाशाला, प्रवरेच्या काठी, शूटिंग सुरू झालंय आणि भिंगार कॅम्पातल्या कुणा गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना मागे ठेवलेला अल्सेशियन त्यात काम करतोय. टायगर म्हणून.

बाईंनी दातांतला ब्रश काढला. तो पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला, डब्यात ठेवला. मग म्हणाल्या, "लेखकराव, उद्या शाळेला सुट्टी आहे. हाड्याला घेऊन या मोटार स्टँडवर."

सर्व्हिस मोटारीत कंडक्टरनं हाड्याला पाहून "हाड!" केलं. हाड्या आनंदानं त्याच्याकडे गेला आणि त्याच्याच पायांवर मान टाकून पडला. सगळी मोटार हसली. बाई हसल्या नाहीत. मी म्हटलं, "बाई, नावाचं एवढं काय? कुत्रा तर राहतोय ना गोष्टीत."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या तोंडी गावची भाषा एरवी येत नसे.

"सोनईच्या पलीकडं आमचं गाव, घर गावकुसाभाईर. ल्हान हुते. पान्यावर गेलं की वरनं आवाज यायचा, हाड. मी मागं वळून बघायची, कुत्रं कुठं हाय म्हनून." त्या थांबल्या. "कुत्रं नसायचंच."

मोटारीचा खडखडाट चालू होता. ज्या विनोदावर मी इतक्या ओळी लिहिल्या, तो कुठून आला होता ते मला त्या दिवशी कळलं.

"म्हनून माझा कुत्रा त्यो शब्द ऐकून पळत न्हाई," बाई म्हणाल्या. "म्हननाऱ्याच्या जवळ जातो. नाव काढलं तर मग ऱ्हायलं काय?"

नदीकाठी अर्धा गाव लोटला होता. दिग्दर्शक आम्हाला पाहून चकित झाले. "बाई, तुम्हीच तर 'हाय' म्हणालात!"

"मी नाही म्हणाले. तोंडात ब्रश होता. आता नाही. नीट ऐका. हाड्या नसेल तर गोष्टही नाही."

"अहो, आता कसं शक्य आहे? सगळी तयारी झालीय."

"मग मी बसते इथंच," असं म्हणून बाई खरोखरच कॅमेऱ्यासमोरच्या दगडावर बसल्या. त्यांना हात धरून उठवायची कुणाची छाती झाली नाही. या भानगडीत माझ्या हातातली दोरी सुटली आणि हाड्या मोकळा झाला. तो थेट टायगरसमोर गेला. टायगर बिचारा इंग्रजीतच वाढलेला, आपला साहेब कुठं दिसतो का बघत बसलेला. दिग्दर्शक ओरडले, "हाड!"

हाड्यानं कान टवकारले आणि धावत जाऊन त्यांच्या छातीवर दोन्ही पाय ठेवले. हॅट वाळूत पडली.

"हाड! अरे, हाकला रे याला!"

गाव मदतीला धावला. इकडून "हाड!", तिकडून "हाड!". हाड्याला कुणाकडे जाऊ नि कुणाकडे नको असं झालं. एवढी माणसं आपल्याला नावानं हाका मारताहेत असं त्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. तो एकेकाकडे जाई, हात चाटी, की पुढच्याकडे पळे. घाटावर धुणं धूत असलेली एक म्हातारी पोट धरून हसत म्हणाली, "आगं बया, ह्याला हाड म्हनलं की लाड वाटतोय!"

कॅमेरावाल्यानं यंत्र बंद केलंच नव्हतं. दिग्दर्शक वाळूत मटकन बसले, हाड्या त्यांच्या मांडीवर. त्यांनी आधी कपाळावर हात मारला आणि मग तेही हसू लागले.

"काय नाव म्हणालात याचं?"

"हाड्या," बाई म्हणाल्या, मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.

सिनेमा नगरला लागला तेव्हा हाड्या पडद्यावर दिसला की थेटरातली झाडून सगळी पोरं "हाड! हाड!" म्हणून त्याला हाका मारत. बाई शेवटच्या रांगेत बसून पडद्याकडे नाही, पोरांकडे बघत होत्या. त्यांना डोळे पुसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढं खरा हाड्या म्हातारा होऊन गेला. मासिक बंद पडलं. बाई मिशनच्या आळीतच राहिल्या, निवृत्त झाल्यावरही. आळीतली पोरं प्रत्येक पिल्लाला हाडच म्हणायची. "हाड, ये, भाकर खा." तिथल्या पोरांना त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे हे शाळेत गेल्यावर कळे आणि खरं वाटत नसे.

बाई गेल्या तेव्हा मी कबरस्तानात होतो. पाळकसाहेबांची प्रार्थना चालली होती. आळीतली कुत्री माणसांमागून आली होती आणि खड्ड्यापासून जरा लांब बसली होती. माती ओढणारा माणूस परगावचा होता. त्यानं फावडं उगारलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "हाड!"

कुत्री उठली. शेपट्या हलवत त्याच्याजवळ आली. तो गोंधळून मागं सरला आणि पुन्हा म्हणाला, "हाड! हाड!"

ती आणखी जवळ आली, बाईंच्या कबरीच्या अगदी कडेला.