सात पाण्यांनी धुतलेलं भाड्याचं घर

१९६६ सालचा जून, शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर. जागा दोह्यातल्या आमच्या घरातली मधली खोली. हजर: माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे मां म्हणतो; माझे मिस्टर, तेल कंपनीत स्टोअरकीपर; आणि मी. गैरहजर: माझा धाकटा दीर. बोलणं सगळं त्याच्याबद्दलच होतं.

दीर आयर्लंडला डॉक्टरी शिकायला गेला त्याला सहा वर्षं होत आली होती. इकडे मांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पार पिकलेला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणत, आता उशीर केलात तर डोळा कायमचा जाईल. मांचं उत्तर ठरलेलं होतं: "परक्या माणसाला मी डोळा देणार नाही. माझा लेक डॉक्टर होतोय, तोच हात लावेल." मग ठरलं, लेक येत नाही तर आपणच जाऊ, त्याला डोळा दाखवू आणि तो म्हणेल तसं करू. मिस्टरांची लांब रजा साठलेली होती.

दिराने कळवलं की तो सध्या डब्लिनला नाही. नदीकाठच्या एका जुन्या गावातल्या इस्पितळात प्रॅक्टिससाठी आहे. हॉटेलातलं तुम्हाला चालणार नाही, तेव्हा तिथे उन्हाळ्यात महिन्याने मिळतं तसं एक घर बघून ठेवलंय. खाटा, चादरी, भांडी, चमचे सगळं घरातच. आपलं आपण रांधायचं.

मला हे तिथेच खटकलं. दोह्यात आम्ही हे घर घेतलं तेव्हा आधीच्या भाडेकरूने बल्ब काढून नेले होते, आणि मोरीतल्या नळाच्या जागी लाकडाची खुंटी ठोकून ठेवली होती. इथली रीतच ती.

"भरलेलं घर कोण कुणाच्या ताब्यात देतं?" मी विचारलं.

"तिकडे चोर नाहीत," मिस्टर म्हणाले.

"मग तुमच्या गोदामातली सगळी कुलपं तिकडून बनून कशी येतात?"

मांची शंका वेगळी होती. "त्या भांड्यांत आधी काय काय शिजलं असेल?" ज्याचं मांस आम्हाला हराम, त्या जनावराचं नाव आमच्या घरात घेत नाहीत. आम्ही रत्नागिरीकडचे, शाफई पंथाचे मुसलमान. त्याचा स्पर्श झालेलं भांडं सात पाण्यांनी धुवावं लागतं, त्यातलं एक पाणी मातीचं. मी म्हटलं, माती तिथे मिळेलच की. मां म्हणाल्या, "तिथल्या मातीवर ती फिरत नसतील कशावरून? माती इथून न्यायची."

दोह्यात वाळू हवी तेवढी, माती मिळणं अवघड. शेवटी कंपनीच्या ड्रायव्हरने गावाबाहेरच्या एका सखल जागेतून, जिथे पावसाचं पाणी साचून गाळ बसतो, एक पिशवी आणून दिली. मी ती दोनदा चाळली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरली आणि सामानाच्या यादीत दोन टोप, तवा, तांदळाचं पीठ आणि मसाला यांच्याखाली लिहिली.

तिकडच्या विमानतळावर कस्टमवाल्याने तो डबा उघडला.

"हे काय आहे?"

"माती," मिस्टर म्हणाले.

"कोणत्या रोपासाठी?"

"भांडी घासायला."

त्याने आमच्याकडे पाहिलं, मग शेजारच्याला बोलावलं. दोघांनी चिमूट चिमूट घेऊन वास घेतला. मांना अंधुक का होईना, दिसलं. "त्याला म्हणावं, हात धुतलेत का आधी?" मिस्टरांनी भाषांतर केलं नाही. डबा परत मिळाला.

दीर स्टेशनवर आला होता. वाळला होता. आम्हाला घराच्या दारापर्यंत सोडलं आणि ड्यूटी आहे म्हणून लगबगीने गेला. घर उतारावरच्या गल्लीत, अरुंद. मागे फरसबंद अंगण, अंगणाच्या भिंतीपलीकडे नदी, दगडी कमानींचा पूल आणि पलीकडे पडका किल्ला. किल्ली दाराला बाहेरूनच लावलेली. टेबलावर फडक्याखाली पाव, पाव अजून कोमट. मी आधी खाटांखाली वाकून पाहिलं, मग कपाटं उघडली. घरात कुणी नव्हतं, पण घर कुणी सोडून गेल्यासारखंही वाटत नव्हतं.

घरमालकीण समोरच्याच घरात राहणारी विधवा. दार न वाजवता आत आली. मी माझ्या दुकानापुरत्या इंग्रजीत विचारलं, पावात चरबी कसली?

"चरबी नाही गं बाई, ताक," ती म्हणाली आणि पावाकडे असं बघितलं, की जणू आता तिलाच शंका यावी.

पाव कुणी खाल्ला नाही. मी भांड्यांना लागले. सगळी भांडी अंगणात काढली, मां खुर्चीवर बसून पाणी मोजत होत्या. बाकीची भांडी सरळ निघाली. एक लोखंडी तवा मात्र काळा कुळकुळीत, बुडाला आणि कडेला जाड थर. हा थर म्हणजे त्याच जनावराची चरबी, असं समजून मी तो विटेच्या तुकड्याने खरवडत बसले. लोखंड पांढरं होईपर्यंत सोडला नाही. मालकीण दाराशी येऊन बघत होती.

"माझ्या सासूचा तवा आहे तो," ती शेवटी म्हणाली. "आम्ही तो कधी घासत नाही."

दुसऱ्या दिवशी ती काहीतरी न्यायचं निमित्त काढून आली आणि खण ओढून चमचे बघून गेली. मी तिचं चुकलं म्हणत नाही.

दीर रोज संध्याकाळी तासभर यायचा. पहिल्याच संध्याकाळी मांनी त्याला खिडकीशी नेलं. "बघ रे माझा डोळा." त्याने अंगठ्याने पापणी उचलली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "चांगला आहे. थोडं थांबू."

"ऐकलंत?" मां आम्हाला म्हणाल्या. "दोह्याचे डॉक्टर उगाच भीती घालतात."

मला ते 'थांबू' पटलं नाही. दोह्यात तीन डॉक्टर एक बोलत होते आणि हा खिडकीच्या उजेडात दुसरंच. शिवाय मी विचारलं, इस्पितळ कुठलं रे, तर हात कुठेतरी टेकडीकडे. वॉर्ड कुठला, तर "भाबी, तुला काय कळणार आहे?" अंगाला साबणाचा वास मात्र इतका, की आधी वास आत यायचा, मग तो. मांना तोही आवडायचा. "डॉक्टरचा वास," म्हणायच्या.

शनिवारी तो अर्ध्या दिवसाने सुटून थेट जेवायला आला. मांनी स्वतः तांदळाच्या भाकऱ्या थापल्या होत्या, चाचपत, बोटं भाजून घेत. मला हात लावू दिला नव्हता. मी नदीतल्या माशाचं कालवण केलं होतं.

"बस," मां म्हणाल्या.

"हात धुतो," तो म्हणाला आणि मागे अंगणात गेला.

मी टॉवेल घेऊन मागोमाग गेले. मातीचा डबा तिथेच नळाजवळ होता. त्याने झाकण काढलं, मूठभर माती घेतली, कोपरापर्यंत चोळली. धुतली. मग नुसतं पाणी घेतलं, पुन्हा घेतलं, पुन्हा. मी टॉवेल धरून उभी राहिले. सात झाले तेव्हा नळ बंद झाला.

आतून मां खूश होऊन म्हणाल्या, "ऐकलंस ना, बाय? सात पाणी! काही विसरला नाही माझा लेक."

जेवायच्या आधी हात सगळेच धुतात, एका पाण्याने. मातीने आणि सात पाण्यांनी कोण धुतं? ज्याचा हात त्या जनावराला लागला आहे, तो.

तो पोटभर जेवला. मां त्याच्या ताटाकडे कान देऊन बसल्या होत्या. मिस्टर आडवे झाले. मी म्हटलं, दूध संपलंय, चल माझ्याबरोबर. पुलाच्या मध्यावर मी थांबले.

"हात कशाला लावतोस तू? खरं बोल."

"कापत नाही मी, भाबी. तळघरात त्याचं मांस मिठात घालायचं, उलटायचं. गावाच्या त्या टोकाला कारखाना आहे."

"आणि कॉलेज?"

"दोनदा नापास झालो. मग खलास. नाव काढलं."

"कधी?"

"दुसरं वर्ष सरतंय. खात नाही मी कधी, अल्लाशपथ. रोज सुटल्यावर कारखान्यामागच्या मातीने हात घासतो. आज तुमच्या मातीने धुतले."

"मग आम्हाला इथे कशाला आणलंस?"

"मां येते म्हणाली, तिला नाही कसं म्हणू? डब्लिनला ठेवलं असतं तर म्हणाली असती, कॉलेज दाखव."

मला त्याचा राग आला होता, पण बोलायचं होतं ते वेगळं. "डोळ्याचं काय? तू थांबू म्हणालास. तुला काय माहीत त्यातलं?"

"काहीच नाही."

"ती आता दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाही. तुझ्या तोंडून डॉक्टरचा शब्द मिळालाय तिला."

"तूच सांग ना, भाबी. मला नाही जमायचं."

"तुझी आई आहे ती. तू सांगायचंस, मी शेजारी बसेन."

सोमवारी सांगतो म्हणाला. सोमवारी तो आला, मांनी केलेला गोड सांजा खाल्ला, त्यांच्या पायाशी बसला आणि गावातल्या पुराच्या गोष्टी सांगितल्या. नंतरच्या प्रत्येक संध्याकाळी तसंच. निघताना स्टेशनवर मांनी त्याचे दोन्ही हात चुंबून डोळ्यांना लावले. तो माझ्याकडे बघत होता. मी बघायचं टाळलं.

दोह्याला परत आल्यावर मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मांला तू सांग, तुला नीट बोलता येतं." मी म्हटलं, आई तुमची आणि भाऊ तुमचा. "मी सांगितलं तर ती मलाच खोटा म्हणेल," ते म्हणाले. ते खरं आहे.

आता मांना उजव्या डोळ्याने उजेड आणि सावली एवढंच कळतं. भेटायला येणाऱ्या बायकांना त्या सांगतात, "माझ्या लेकाने स्वतः तपासलाय. तो म्हणालाय थांबा. पुढच्या उन्हाळ्यात येतोय, इन्शाल्ला." बायका माशाल्ला म्हणतात. मी चहा ओतते.

काल सरकारी दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, उजव्याची आशा थोडीच आहे, डावा वाचेल, पण मांना आणायला हवं आणि याच महिन्यात. त्यांनी रविवारची तारीख दिली. बॅग भरली आहे. शेजारणीला जेवणाचं सांगून झालं. मिस्टरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मांना सांगायचं राहिलं आहे.