बारावी खिडकी

त्याला सगळे दोनदामामा म्हणत, कारण कुठलीही गोष्ट तो दोनदा मोजायचा. जिना चढताना पायऱ्या मोजायचा आणि उतरताना पुन्हा, जणू मधल्या वेळात कुणीतरी एखादी पायरी उपटून नेली असावी.

धंदा जुनी घरं उतरवण्याचा. ‘पाडण्याचा’ म्हटलेलं त्याला खपत नसे. “पाडतो तो रेडा. आम्ही उकलतो,” असं तो ठणकावून सांगे. मशीनवाला दोन दिवसांत इमारतीचा चुरा करून ट्रक भरभरून खाणीत ओतायचा. मामाला तीन आठवडे लागत. जे शेवटी चढलं ते आधी उतरवायचं: कौलं, मग वासे, दारं-खिडक्या आणि सरतेशेवटी विटा, एकेक करून, चुना खरवडून. “झाड एकदा मेलंय ना त्या खिडकीसाठी? मग दुसरं कशाला मारताय?” असं म्हणून तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात जुनी चौकट घालायचा.

चाळीस वर्षं भिंती उघडून तो एकच गोष्ट शिकला होता: वरून गुळगुळीत, आत वाळवी. आणि भिंत अशी, तर माणूस कसा असेल? घरी बायकोनं चहात साखर जास्त घातली तरी हा विचारायचा, “आज काय हवंय?”

जावई तीन वर्षांपूर्वी हाताखाली आला. त्याचा हात असा, की लाकडाला कळू न देता खिळा निघायचा. उतरवलेला माल विकायची वखार त्याच्याच हवाली करायची, हे मामानं मनाशी ठरवलं होतं. पण ते तोंडानं सांगितलं तर पोरगा शेफारेल, म्हणून सांगितलं नव्हतं.

जुन्या दवाखान्याचं काम मिळालं तेव्हा आतली किल्ली मालकाकडेच होती. मामानं रस्त्यावर उभं राहून अंदाज घेतला. वर सहा, खाली सहा, बारा बंद खिडक्या, अस्सल सागवान. दोनदा मोजल्या. मग काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच त्याची कंबर धरली. तीन आठवडे तो घरी फळीवर उताणा पडला आणि सगळं जावयानं उतरवलं.

चौथ्या आठवड्यात मामा काठी टेकत वखारीत आला. खिडक्यांच्या चौकटी भिंतीला टेकून ओळीनं उभ्या होत्या. त्यानं मोजल्या. अकरा. उलट्या बाजूनं मोजल्या. अकरा.

मनात पाल चुकचुकली. आणि ती एकटी चुकचुकत नाही, मागचं सगळं उकरते. परवा जावई मशीनवाल्याबरोबर चहाच्या टपरीवर उभा दिसला होता, असं बायको म्हणाली होती. मुलीच्या कानात नवे डूल होते.

“जावईबापू, बारावी कुठाय?”

“अकराच होत्या, मामा.”

“मी डोळ्यांनी बारा पाहिल्यात.”

“ती जिन्यापाशची म्हणताय का? ती...”

“जिन्याखाली लपवली की टपरीवर विकली?”

चार मजूर विटा खरवडत होते. त्यांचे हात थांबले. जावयाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हातातली पहार त्यानं हळूच खाली ठेवली, फेकली नाही.

“चोर म्हणालात?”

“मी काही म्हणालो नाही. तुम्हीच ओळखलंत.”

दुपारी मुलगी एकटीच आली. “बाबा, मशीनवाला यांना कधीपासून बोलावतोय. चालकाची जागा आहे. हे आजवर नाही म्हणत होते. उद्या सकाळी हो म्हणणारेत. म्हणे, तिथं मोजदाद नसते.”

“जाऊ दे! चोराच्या मनात चांदणं.”

“आणि तुमच्या मनात काय आहे, अमावास्या?” असं म्हणून ती निघून गेली.

मामा चिडला. आता पुरावाच हवा. खिडकीचे पल्ले मात्र त्यानं मोजले नव्हते. ते एका कोपऱ्यात फळ्यांच्या ढिगाखाली होते. अकरा जोड्या निघाल्या की बारावी अख्खी गेली, हे सिद्ध. कंबर विसरून त्यानं एकेक जोडी ओढून काढली.

बारा.

चौकट चोरणारा पल्ले ठेवून जाईल? शेवटची जोडी त्यानं उलटी केली. बिजागरीची खाच नाही. स्क्रूचं भोक नाही. चारही कोपऱ्यांना फक्त खिळ्यांची भोकं, आणि पाठीवर वाळलेला चुना, त्यात विटांच्या रेघा उमटलेल्या. हे पल्ले कधी उघडलेच नव्हते. जावई अर्धवट बोलला होता तो जिना आतून तिथंच चढत असणार. खिडकीला जागाच नव्हती. बाहेरून रांग लंगडी दिसू नये म्हणून गवंड्यानं नुसत्या भिंतीवर पल्ले ठोकून दिले होते.

चाळीस वर्षांचा अनुभव, आणि एका मेलेल्या गवंड्यानं त्याला रस्त्यावर उभं करून फसवलं होतं. मामा तिथंच ढिगावर बसला. चुना अंगठ्यानं खरवडून पाहिला. नंतर कुणी लावला तर नाही ना? नव्हता. दगडासारखा घट्ट होता.

सकाळी जावई आपली हत्यारं न्यायला आला. मुलगी दारात उभी. मजूर कामाला बसलेले. मामाला वाटलं, याला बाजूला घेऊन सांगावं. पण चोर म्हटलं होतं ते बाजूला घेऊन नव्हे.

त्यानं ते दोन पल्ले सगळ्यांच्या मध्ये आणून आपटले, पाठ वर करून.

“बघा रे. खोटी खिडकी. बारावी नव्हतीच. जावईबापू खरं बोलत होते, मी त्यांना बोलू दिलं नाही. चुकलं माझं.”

एक मजूर पुटपुटला, “मामा, पुन्हा एकदा म्हणा. तुमच्याकडं सगळं दोनदा असतं.”

मुलगी तोंडाला पदर लावून हसली. जावई हसला नाही.

“चुकलं,” मामा म्हणाला. “झालं दोनदा. वखार तुमच्या हवाली करायची होती. अजूनही करायचीय.”

जावयानं पल्ल्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग न्यायला उचललेली पहार भिंतीला टेकवून ठेवली.

“एका अटीवर. यापुढं मोजणी मी करणार. आतून.”

“करा की.”

“आणि तुम्ही?”

“मी,” मामा म्हणाला, “बाहेरून करीन.”