पॅराशूटच्या घड्या

यंदा प्रजासत्ताक दिनाला गावातल्या निवृत्त जवानांचा सत्कार करायचं ग्रामपंचायतीनं ठरवलं आणि मानपत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी गावच्याच शाळेत शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. त्यामुळे लिहायचं काही निघालं की गाव माझ्याकडे येतं, आणि मला ते आवडतं.

पायदळातल्या दोघांची मानपत्रं सहज झाली. तिसरं हवाई दलातून निवृत्त झालेल्या तात्यांचं होतं. ते मी जीव ओतून लिहिलं. माझे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. मी सातवीत असताना मलाही न्यायला निघाले, तेव्हा तात्यांनी वडिलांना अडवलं होतं. "पोरीला हितंच ठेव. आमच्यात जेवंल." पुढचे चार हंगाम मी त्यांच्याच घरी राहिले. शिकले ती त्यामुळेच.

आदल्या दिवशी मी त्यांना वाचून दाखवायला गेले. "गगनाला गवसणी घालणारे, शत्रूला धडकी भरवणारे शूर वैमानिक..."

"थांब," तात्या म्हणाले. "हे कुनाचं हाय?"

"तुमचंच, तात्या."

"मी एकदाबी विमान उडवलं न्हाई."

मी कागद खाली घेतला. चार हंगाम ज्यांच्या घरी जेवले, ते नोकरीत नेमकं काय करायचे हे मी कधी विचारलंच नव्हतं. हवाई दल म्हणजे वैमानिक, असं साऱ्या गावानं धरून ठेवलं होतं; शिकलेल्या मीसुद्धा.

"मग काय करायचात?"

"पॅराशूटच्या घड्या घालायचो."

आतून काकू हसल्या. "अन् सुट्टीवर आले की सोताची गोधडी कधी उचलली न्हाई बघ!"

"सुट्टी हुती ती," तात्या म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हे वाचनार असशील तर मी सत्कार घेनार न्हाई. दुसऱ्याचा मान मला नको."

ते बोलतात तसंच करतात, हे मला ठाऊक होतं. मी कागद उलटा केला. "मग खरं काय ते सांगा. मी लिहिते."

सांगायला त्यांना वेळ लागला. लांबच लांब टेबल, त्यावर पसरलेलं कापड. एकेक दोरी मोकळी करायची. कुणी बोलायला आलं तरी हातातली घडी पुरी झाल्याशिवाय मान वर करायची नाही. ज्यानं घडी घातली त्याची नोंदवहीत सही. एकदा एक तरुण वैमानिक पेढे घेऊन त्यांच्या विभागात आला. विमान बिघडल्यामुळे त्याला हवेतच विमानातून उडी घ्यावी लागली होती, आणि वहीत त्याच्या पॅराशूटपुढची सही तात्यांची होती.

"हे मला कधी सांगितलं न्हाई ते?" काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काय म्हनला तो?"

"काय म्हनतोय! त्याला बोलताच येईना. मग मीच इचारलं, उतरताना पाय तर मुरगळला न्हाई ना?"

निघताना तात्या म्हणाले, "उद्या आधी ऐकतो. मग ठरवतो."

सकाळी नवं मानपत्र पाहून सरपंच हबकले. "मॅडम, पाथर्डीहून फ्लेक्स करून आनलाय, त्यावर लढाऊ विमान हाय. अन् तुमी घड्या वाचनार? लोक हसतील."

"हसू द्या. पुढचंही ऐकतील."

हसलेच. जानेवारीत अर्धं गाव उसाच्या फडात असतं. मैदानात होती ती म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. 'घड्या' म्हटल्याबरोबर मुलं खिदळली. एक आजोबा ओरडले, "आमची म्हातारीबी घालती की घड्या! तिलाबी शाल द्या!" तात्या व्यासपीठावर नव्हते. मागे लिंबाखाली हाताची घडी घालून उभे होते. मी आवाज न चढवता वाचत राहिले. वैमानिक पेढे घेऊन आला तिथं पोहोचले, तोवर मैदान शांत झालं होतं. शेजारचा काही पुटपुटला, तेव्हा त्याच आजोबांनी त्याला दटावलं, "गप की, ऐकू दे."

वाचून संपलं. तात्या गर्दीतून वाट काढत वर आले. सरपंचांनी शाल उलगडली, पण तात्यांनी आधी माझ्या हातातलं मानपत्र घेतलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. सरपंच शाल धरून उभे. सगळं गाव थांबलेलं. शेवटची ओळ झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"बरोबर हाय," ते म्हणाले, आणि शालीसाठी मान लववली.