दोन चांगल्या दाढा

माझ्या डाव्या बाजूच्या दोन दाढा बेलापूरच्या एका सरकारी कचेरीने खाल्ल्या, असं मी म्हटलं की घरचे आजही हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही वाशीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो आणि मी त्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी माझ्या बोर्डावर यायचा. साहेबांचा कायमचा हुकूम होता, कुणीही विचारलं तरी ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ एवढंच सांगायचं, आणि तेही गोड आवाजात. साहेब आत चहा पीत बसलेले असत. उरणकडून कुणीतरी विचारायचं, “बाय, तुजा सायेब हाय का नाय? कवा येनार तो?” त्याची जमीन नव्या शहरासाठी सरकारने घेतलेली, तो चिडणारच. शिव्या मात्र मला. उलट बोलायची सोय नव्हती. मी सॉरी म्हणायचे, दात आवळायचे आणि पुढचा फोन घ्यायचे.

हळूहळू सकाळी उठल्यावर जबडा दुखायला लागला. तोंड उघडताना कानाजवळ कटकट वाजायचं. मग तोंड दोन बोटंही उघडेना. पोळी चहात बुडवून गिळायची वेळ आली. सासूबाई म्हणाल्या, “अक्कलदाढ असणार. आमच्याकडे सगळ्यांना तोच त्रास.” त्यांनीच मला कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने टॉर्च मारली आणि कशीबशी एक दाढ काढली. फरक पडेना, म्हणून पुढच्या खेपेला शेजारची काढली.

दुखणं होतं तिथेच. शेवटी मी एकटीच मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कानापुढे बोटं ठेवून मला तोंड उघड-मीट करायला लावलं, दिवसभर काय काम करता तेही विचारलं. म्हणाल्या, “दाढांचा काही दोष नव्हता हो. दुखतोय तो जबड्याचा सांधा. दिवसभर दात आवळता, झोपेतही चावत असणार. काम बदलून मिळेल का?” मला तिथेच रडू फुटलं. माझ्या कामाबद्दल विचारणारी ती पहिलीच बाई.

मी साहेबांकडे आवक-जावकचं टेबल मागितलं. ते म्हणाले, “मॅडम, एवढं टेन्शन कशाला घेता? तुमच्यासारखा गोड आवाज ऑफिसात आहे कुणाचा?” विषय संपला. त्या माणसाचा मला अजून राग येतो, आणि तो जावा असं मला मुळीच वाटत नाही.

पुढे त्यांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, फोन सरळ आत द्या, मी बोलेन. माझं खोटं बोलणं थांबलं, शिव्याही थांबल्या. महिनाभरात तोंड पूर्ण उघडायला लागलं. मी भाकरी चावून खाल्ली, उजव्या बाजूने.

सासूबाई खूश झाल्या. “बघ, दाढा काढल्याचा गुण आला शेवटी.” मी त्यांना बोर्ड, साहेब, सांधा, सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “फोन उचलून कुणाचा जबडा दुखतो होय?”

नंतर धाकटी नणंद शाळेत शिकवायला लागली. वर्गात खच्चून भरलेली मुलं आणि डोक्यावर खडूस हेडबाई. तिचाही जबडा धरला. मी घरात बजावून ठेवलं होतं, कुठे नेऊ नका, रविवारी मी तिला मुंबईला घेऊन जाते. शनिवारी कामावरून आले, तर ती गालात कापूस धरून बसली होती.

सासूबाई म्हणाल्या, “तुझ्याच डॉक्टरकडे नेलं. तुला गुण आला ना, म्हणून दोन्ही एकदमच काढून घेतल्या.”