आवाज करील तोच मोठा

नूरीनला राग म्हणून येत नाही, असं सांगलीजवळच्या माधवनगरच्या गल्लीत सगळे म्हणायचे. तिचा राग कळायचा तर तिचे हात बघावे लागत, आणि तेवढी सवड गल्लीत कुणाला नव्हती.

दीड वर्षाची असताना तापात तिचं ऐकणं गेलं. आता ती चौतिशीत होती. यंत्रमागाच्या कारखान्यात तयार कापड तपासायची. एखादा धागा सुटला असेल तर हातभर अंतरावरून तिला दिसायचा. बाकीच्या बाया मागांच्या खडखडाटानं डोकं धरून घरी जात. नूरीनला तो खडखडाट चपलेच्या तळव्यातून कळायचा, एवढंच.

पोटभर बोलायचं ते मात्र महिन्यातून एकदाच. सातारा आणि सांगलीकडच्या कर्णबधिरांचं एक मंडळ होतं. दोन्हीकडच्यांना सोयीचं म्हणून दुसऱ्या रविवारी सगळे इस्लामपुरात, एका शाळेच्या वर्गात जमत. चारचार तास हात थांबत नसत. कुणाचं लग्न जुळतंय, कुठल्या कारखान्यात आपल्या माणसांना घेतात, दाखल्यासाठी कुठल्या खिडकीवरून कसं हाकललं, सगळं तिथं निघायचं. सातारच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारा कोंडीबा तर साहेबाची अशी नक्कल करायचा की हसून हसून पोट दुखायचं.

मंडळाचे अध्यक्ष सुमंतराव तेवढे ऐकणारे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, साताऱ्यात राहणारे, अर्ज लिहिण्यात तरबेज. नऊ वर्षं अध्यक्ष होते, पण खुणांची भाषा त्यांनी शिकली नव्हती. "तुमच्या भावना मला डोळ्यांत वाचता येतात," असं ते कागदावर लिहून दाखवत. नूरीनला त्या वाक्याची चीड होती.

जानेवारीत सुमंतरावांचा निरोप आला: यापुढे दर आठवड्याला व्हिडिओवर सभा. त्यांच्या सोसायटीत वापरतात तेच अ‍ॅप, फुकट, कुणाला एक पैसाही पडणार नाही. नूरीनला आनंदच झाला. महिन्यातून एकदा भेटणारी माणसं दर आठवड्याला दिसणार! तिनं ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला, पदर नीट केला आणि बसली.

पडदाभर सुमंतराव दिसले. बाकीची वीस माणसं खाली पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनांत, तीही चारच. पुढची बघायला बोटानं सरकवायचं. आणि सरकवायचं तर हात बोलायला मोकळा राहत नाही. त्या अ‍ॅपची रीतच अशी होती की ज्याचा आवाज येईल त्याचा चेहरा मोठा. कोंडीबा जीव तोडून काहीतरी सांगत होता, पण तो नखाएवढाच राहिला. मध्येच मंडळातल्या अर्जुनाच्या घरी काहीतरी आदळलं असावं, कारण एकदम त्याचं रिकामं स्वयंपाकघर पडदाभर झालं. मग सुमंतरावांनी सगळ्यांचे आवाज बंद केले आणि स्वतः बोलत राहिले. कुणाला? ऐकणारं तर कुणी नव्हतंच! फुकटची चाळीस मिनिटं संपताच पडदा काळा झाला.

नूरीननं फोनवर मंडळाच्या गटात लिहिलं, "एकमेकांचे हात दिसत नाहीत. दुसरं अ‍ॅप बघू." सुमंतरावांनी नमस्काराचं चित्र पाठवलं. तीन आठवडे ती तेच लिहीत राहिली, तीन आठवडे नमस्कार येत राहिला. चौथ्या आठवड्यात त्यांनी सभेचा वृत्तांत टाकला: 'इस्लामपूरची मासिक बैठक बंद करण्यात येत आहे. ठरावास कुणीही विरोध केला नाही.'

विरोध तिनं केला होता. दोन्ही हात वर करून, खुर्चीवरून उठून केला होता. तो चौकोन कुणी सरकवून बघितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती साताऱ्याच्या एसटीत बसली. सोबत तिचा भाऊ सद्दाम. तो ऐकणारा, पण लहानपणापासून तिच्याशी खुणांनीच बोलत आलेला. सुमंतरावांनी दार उघडलं, प्रेमानं बसवलं, चहा सांगितला. नूरीनचे हात सुरू झाले ते चहा येईपर्यंत थांबले नाहीत.

सद्दाम हळूच म्हणाला, "आवं काका, ती म्हणती, जरा अडचण व्हतीया."

नूरीनला ओठ वाचता यायचे. तिनं टेबलावर असा हात आपटला की बशीत चहा सांडला. जे सांगतेय तेच सांग, तिनं खुणेनं बजावलं. तू पण माझे शब्द बदलायला लागलास?

सद्दामचा चेहरा पडला. मग त्यानं सुमंतरावांकडे न बघता सांगितलं, "ती म्हणती, तुमी आमचे हात बांधले. बहिऱ्यांच्या सभंला आवाज करणाऱ्याला मोठं करणारं अ‍ॅप कुणी निवडतं का? आमाला इचारलं न्हाई. आमी न्हाई म्हणलो ते बघितलं न्हाई. आन् वर लिवलं, कुणाचा विरोध न्हाई."

"अरे, मी फुकटात सोय केली," सुमंतराव दुखावून म्हणाले. "नऊ वर्षं राबतोय या लोकांसाठी. हेच ऐकायचं होतं?"

नूरीन उठून उभी राहिली आणि घराबाहेर कधीच न वापरलेला आवाज तिनं वापरला. जाड, फाटका, कुणालाही न कळणारा आवाज. आतून सुमंतरावांची बायको धावत आली. सद्दामला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

"ठीक आहे," सुमंतराव चष्मा पुसत म्हणाले, "मग तुम्हीच निवडा."

त्यांनी ते रागानं म्हटलं होतं. नूरीननं शब्दशः घेतलं.

त्या रविवारी पाच जण आपापले फोन घेऊन इस्लामपुरात जमले. सगळ्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं आणि एकेक फुकटचं अ‍ॅप लावून एकमेकांशी बोलून बघायचं. पहिलं तासाभरात तुटलं. दुसरं अर्जुनाच्या जुन्या फोनवर चालेना; फोन तापून बंदच पडला. तिसऱ्यात चेहरे स्वच्छ, पण हात हलले की नुसता धूर दिसे. चौथं कोंडीबानं कुठूनसं शोधलेलं. खातं काढायला नको, आलेली लिंक दाबली की आत. सगळे चौकोन सारखे, वेळेची अट नाही, रेंज कमी असली तर चित्र जरा पुसट होई, पण हात चालू राहत. पाचही जणांनी दुपारी जेवायचं विसरून त्यावर भांडून बघितलं. भांडण नीट कळलं, तेव्हा तेच ठरलं.

पुढच्या सभेला सुमंतरावही आले. त्यांचाही चौकोन बाकीच्यांएवढाच. ते बोलत होते, ओठ हलत होते, पण कुणी तिकडे बघत नव्हतं, कारण कोंडीबाची साहेबाची नक्कल चालली होती. थोड्या वेळानं त्यांनी लिहिलं, "काय चाललं आहे, कुणी सांगेल का?"

नूरीननं वाचलं आणि लिहिलं, "थांबा. आधी आमचं होऊ दे."

दहा मिनिटांनी त्यांचा चौकोन गेला. शेजारी बसलेल्या सद्दामनं तिला खुणेनं विचारलं, वाईट वाटलं का?

नूरीननं खरंच विचार करून बघितला. नाही, ती म्हणाली. अजून नाही. आणि इस्लामपूरच्या बैठकीसाठी शाळेच्या वर्गाची किल्ली दुसऱ्या रविवारी कुणी आणायची, हे विचारायला तिनं हात वर केला.