तुळशीखालची माती

ज्योत्स्ना अहिवळेला स्वतःबद्दल शंका म्हणून कधी आलीच नाही. कन्हेरीच्या शाळेत असताना मास्तरांचं चुकलेलं गणित तिनं फळ्यापाशी जाऊन पुसलं होतं, आणि मास्तरांनी निमूट खडू तिच्या हातात दिला होता. पुढं रसायनशास्त्रात एम. एस्सी. होऊन ती इंदापूरच्या कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाली. पहिल्याच दिवशी स्टाफरूममधले एक ज्येष्ठ म्हणाले, "मॅडम, इथं टिकणं अवघड असतं बरं." तिनं विचारलं, "कुणाला, कॉलेजला?"

कॉलेजच्या दारातच एक लाकडी फलक होता. प्राध्यापकांनी काही पराक्रम केला की प्राचार्य तो रंगानं तिथं लिहून घेत. कला शाखेची बाजू गच्च भरलेली: मराठीच्या सरांच्या नाटकाला राज्य स्पर्धेत बक्षीस, इतिहासाच्या सरांचं भीमाकाठच्या वीरगळांवर पुस्तक. विज्ञानाच्या बाजूला नुसता कोरा हिरवा रंग. मराठीचे सर जाता-येता म्हणायचे, "विज्ञान अजून प्रयोगावस्थेत आहे." हे तिला झोंबलं. तिनं पीएचडीला नाव नोंदवलं आणि विषय घेतला घरचाच, क्षारपड जमीन. कालवा आला, ऊस आला, लोकांनी पाणी म्हणजे अमृत समजून रानाला रात्रंदिवस पाजलं, आणि चांगल्या काळ्या रानाला पांढरं मीठ फुटलं. ते का आणि किती, हे तिला मोजायचं होतं.

इथंच बाईंनी एक चूक केली, आणि खात्रीनं वागणाऱ्या माणसाच्या चुकाही खात्रीच्याच असतात. तासिका, परीक्षा, कन्हेरी-इंदापूर एसटी यांतून सवड कुठली? तिनं बारा गावांत ओळखीच्या शेतकऱ्यांना कापडी पिशव्या वाटल्या, सोबत चिठ्ठी दिली: 'रानातल्या सगळ्यात वाईट जागेची, एक वीत खोल माती भरून द्यावी.' साठ पिशव्या भरून आल्या. तिनं दोन वर्षं त्यांचं पृथक्करण केलं.

दहा गावांचे आकडे हवे तसे आले. सांगवी आणि कन्हेरीचे मात्र भलतेच. बारामती तालुक्यातली नीरेकाठची सांगवी म्हणजे मिठाचं माहेर, आणि तिथली माती अशी गुणी निघाली की कुंडीत भरून गुलाब लावावा. डिसेंबर पंच्याण्णवमध्ये शेवटच्या काही पिशव्या चाळत असताना सांगवीच्या मातीतून चाळणीवर एक वाळकी तुळशीची मंजिरी राहिली. ज्योत्स्नानं ती चिमटीत धरून उजेडात नेली. उसाच्या फडात तुळस कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी लुना घेऊन ती थेट सांगवीत गेली. पिशवी कुशाबाईची होती. कुशाबाईनं काही लपवलं नाही, उलट तिचीच समजूत घातली. "अगं, पुण्याला इद्यापीठात माती जायाची. तितं मोठी मोठी मान्सं हात लावणार. त्यास्नी काय आमची मिठाची चोपण माती दावायची? विंद्रावनातली सोवळी माती भरली बघ."

हे कुशाबाईचं भोळेपण होतं; तिच्या नवऱ्याचं, गेणबाचं, तसं नव्हतं. तो गोठ्यातून बाहेर आला, इकडंतिकडं बघून हळूच बोलला. "म्याडम, पोरीचं जमवायचं हाय. छकुलीला बघाय येणारं पावनं आधी रान बघत्यात. सांगवीच्या गेणबाची जमीन मिठाची, असं कागदावर छापून आलं तर दारात कोन येईल? माज्या एकट्याच्या घरचं न्हाय, समद्या गावानं अशीच चांगल्या जागची माती भरलीया."

पुण्याच्या गाईडसरांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. जून शहाण्णवमध्ये प्रबंध गेला नाही तर सहा वर्षांचं काम विद्यापीठाच्या लेखी शून्य. "ती दोन गावं गाळून टाका," ते म्हणाले. "दहा गावांवरही पदवी मिळते."

"सर, मिठावरचा प्रबंध आणि त्यातून मिठाचंच गाव गाळायचं? माती मी परत आणते. सहा महिने खूप झाले."

सर म्हणाले, "तुम्हाला भीती कशी वाटत नाही हो?" वाटत होती. रात्री जेवण जात नव्हतं. पण ते सरांना सांगून मुदत थोडीच वाढणार होती!

कन्हेरीच्या पिशव्यांत एक खुद्द तिच्या वडिलांची होती. संध्याकाळी ती ओट्यावर गंगारामांसमोर बसली. "आबा, माती कुठली भरली हुती?"

गंगारामांनी बराच वेळ टोपी गुडघ्यावर सारखी केली. "मेथीच्या वाफ्यातली." मग एकदम बोलले, "माज्या बापानं खडी फोडून दोन एकर घेतलं. तवा लोक म्हनत, ह्यास्नी काय कळतंय शेतीतलं. आता तूच पुस्तकात लिवणार, का अहिवळ्याच्या हातात रान आलं आन् त्याचं मीठ झालं?"

ज्योत्स्ना संतापली, आणि त्याच क्षणी तिला वडिलांची अपार माया आली. दोन्ही एकदम. "आबा, मीठ पान्यानं फुटतं. जात बघून फुटत न्हाय. पाटलाच्या रानात तुमच्यापेक्षा जास्त असंल, पर मोजल्याबिगर मी सांगू कशी?"

आई ताईबाई आतून म्हणाली, "पोरगी म्हनती ते खरं हाय. उटा."

सकाळी गंगारामांनी स्वतः कुदळ घेतली आणि भर रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्ट्यात खड्डा घेतला. येणारेजाणारे थांबून बघत होते. एकानं विचारलं, "आबा, काय सोनं सापडलं का?" गंगाराम म्हणाले, "मीठ सापडलं. तुज्याबी रानात हाय, चल दावतो."

त्यानंतर म्हातारा थांबेना. सांगवीला जाऊन गेणबाच्या ओसरीवर बसला. "गेणबाराव, माजं उगडं केलं. आता तुमी." ज्योत्स्नानं शब्द दिला की प्रबंधात नाव कुणाचंही येणार नाही, फक्त नंबर येईल, कुणी कितीही विचारलं तरी मालकाचं नाव ती सांगणार नाही. गेणबानं तंबाखू मळली, थुंकला, आणि फडाच्या मागची ती जागा दाखवली जी त्यानं सख्ख्या भावालाही दाखवली नव्हती. त्याच्या पिशवीवर तिनं त्याच्यादेखत सतरा आकडा घातला. मे संपेपर्यंत दोन्ही गावं पुरी झाली. पिशव्या का चुकल्या आणि चूक कोणाची, हेही तिनं प्रबंधात चार पानांत लिहिलं. चूक स्वतःच्या नावावर घेतली.

पुढच्या वर्षी पुण्याला मौखिक परीक्षा लागली. ती खुली असते, कुणीही येऊन बसावं. गंगाराम पहाटेच्या गाडीनं आले आणि येताना गेणबाला बरोबर घेऊन आले. दोघं मागच्या बाकावर पागोटं-टोपी सावरून बसले.

बाहेरगावचे परीक्षक पिकल्या मिशांचे, कडक. तासभर ज्योत्स्नानं एकेक प्रश्न परतवला. मग त्यांनी पान उघडून बोट ठेवलं. "नमुना सतरा. बारामतीच्या बागायतीत इतकं मीठ? मला पटत नाही. एकदा तुमच्या पिशव्या चुकल्याच होत्या. हाही चुकीचा नसेल कशावरून?"

"तीनदा तपासलाय, सर. खड्डा माझ्यासमोर घेतलाय."

"शेत कुणाचं? मी माणूस पाठवून खात्री करतो."

"ते सांगता येणार नाही. मी शब्द दिलाय."

"मग हा आकडा मी मानायचा कसा? आणि हा नसेल, तर तुमचा निष्कर्ष कशावर उभा आहे?"

गाईडसरांनी रुमाल काढला. ज्योत्स्नाला मागं वळून बघावंसं वाटलं, पण वळणं म्हणजे बोट दाखवणंच. ती सरळ परीक्षकांकडं बघत उभी राहिली. पदवी हातची जाताना तिला स्वच्छ दिसत होती, आणि तरी तिनं नाव सांगितलं नाही.

मागं बाक करकरला.

"सतरा नंबर माजा हाय, सायेब." गेणबा उभा होता. "सांगवीचा गेणबा. धा वरसं झाली, तितं हराळीबी उगवत न्हाय. पोरीचं जमायचंय म्हनून लपवत हुतो. म्याडमनी न्हाय सांगितलं, मीच सांगतो. कवाबी या, दावतो."

परीक्षकांनी चष्मा काढला. गेणबाला वाटलं, आपण उभं राहून चुकलो की काय; पण आता उठलोच आहोत तर कामाचं विचारून घ्यावं.

"म्याडम, सा वरसं तुमी माती तपासली. आता आवशद सांगा की."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "माझे प्रश्न संपले. यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या."

ज्योत्स्नानं खडू घेतला आणि फळ्यावर गेणबाचं रान काढलं: वरचा बांध, खालचा ओढा, मधला पांढरा पट्टा. निचऱ्याचा चर कुठून जाईल, जिप्सम कधी टाकायचं, हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून कधी गाडायचा, ती बोलत राहिली. गेणबा मागचा बाक सोडून पहिल्या बाकावर येऊन बसला.

"जरा सावकास," तो म्हणाला. "चर किती खोल घ्यायचा, त्ये आदी सांगा."